शॉकअप गेले, ड्रायव्हरला पत्ताच नाही

एक साधा प्रश्न. तुमच्या गाडीचे पुढचे शॉकअप कसे आहेत?

‘ठीक आहेत की!’ असंच उत्तर आलं ना? आता हाच प्रश्न शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला विचारा. मागच्या सीटवर बसणाऱ्या आईला, आजीला विचारा. उत्तर बदलेल. लावता पैज?

त्याचं असं आहे मंडळी, बॅटरी गेली की गाडी सुरूच होत नाही. ब्रेकपॅड झिजले की किंचाळतात. एसी गेला की घरात भांडण होतं. शॉकअप मात्र असला काही ड्रामा करत नाहीत. ते रोज केसभर जातात आणि स्टिअरिंगवरचा माणूस रोज केसभर अ‍ॅडजस्ट होतो. पुढे उंचवटा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर, वळण आलं की हात आपोआप घट्ट. शेवटी गाडी होडीसारखी डोलत असते आणि साहेब म्हणतात, ‘रस्ताच खराब आहे हो!’

आमच्या घरी हे साहेब म्हणजे बाबा. घर पैठणला, मी पुण्यात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मीटिंगा, कॉल्स, डेडलाइन्स; आणि महिना-दीड महिन्यातून एकदा घरची फेरी. घरी २००९ मॉडेलची छोटी हॅचबॅक आहे. २०२४ मध्ये तिला १५ वर्षं झाली, आरटीओत पुनर्नोंदणी झाली आणि तिला आणखी ५ वर्षं मिळाली. बाबा ती रोज शेताकडे नेतात, मोसंबीच्या बागेत. आणि महिन्यातून एकदा-दोनदा आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरला. जायचे पन्नासेक किलोमीटर, यायचे तेवढेच.

ही शहराची फेरी हौसेची नाही. आईची हाडं ठिसूळ झालीत आणि गेल्या वर्षी तिच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर झालं. डॉक्टरांनी बजावलंय, धक्के बसू देऊ नका. आता पैठणहून निघालं की ढोरकीन, बिडकीन, चितेगाव, नक्षत्रवाडी अशी गावं लागतात, आणि गाव आलं की स्पीडब्रेकर आलेच. मागच्या खेपेला मी मागे बसले होते. आई पुढे. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी तिचा हात दारावरच्या हँडलकडे जायचा. स्पीडब्रेकर दिसायच्या आधी. तिला सगळे पाठ झाले होते.

बाबा गाडी सावकाशच चालवत होते. पण प्रत्येक उंचवट्यानंतर गाडीचं नाक वर, खाली, परत वर, परत खाली. मला एका मिनिटात कळलं. त्यात माझी हुशारी काही नाही. मी त्या गाडीत दीड महिन्याने बसले होते, म्हणून मला सवय नव्हती, एवढंच.

आता थोडा फंडा क्लिअर करू या. शॉकअप, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, हे नावच मुळात फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला झेललेला धक्का जिरवता येत नाही. दाबली की ती उसळणार, उसळली की परत दाबली जाणार. तिला सोडून दिलं तर गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा या वेगानं झुलत राहील. तो झुला थांबवतो शॉकअप. त्याच्या नळकांड्यात तेल असतं आणि एक दांडी. दांडी खाली-वर झाली की तेलाला बारीक भोकांतून आणि झडपांतून जावं लागतं. ते सहजी जात नाही, त्यात हिसक्याची शक्ती खर्च होते आणि तेल तापतं. म्हणजे खड्ड्याचा धक्का शेवटी उष्णता होऊन हवेत जातो. सील गेलं, तेल गळलं किंवा झडपा झिजल्या की हे जिरवणं थांबतं. मग उरते नुसती स्प्रिंग. म्हणजे जत्रेतला पाळणा.

आणि हा फक्त आरामाचा मामला नाही, बरं का. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढा असतो. एवढ्याशा रबरावर तुमचे ब्रेक आणि तुमचं स्टिअरिंग अवलंबून. शॉकअप गेलेलं चाक खडबडीत रस्त्यावर नाचतं. ते उचललं गेलेल्या क्षणी ब्रेक कितीही चांगले असोत, उपयोग शून्य. ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते ती अशी.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे जो प्रकार असतो त्याला म्हणतात मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. जनरल मोटर्समध्ये तो शेव्हरोले कॅडेट नावाच्या छोट्या गाडीवर काम करत होता. १९४७ मध्ये ती गाडी बारगळली, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना त्याची रचना बसली. आयडिया झकास होती: स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळण्याचा आस, तिन्ही एकाच उभ्या खांबात. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली, तिच्याही पुढच्या चाकांना हाच प्रकार होता. मात्र यात एक मेख आहे. हा खांब चाकाला धक्क्यापासून वाचवतो आणि सरळ उभंही धरतो. म्हणून तो सैल झाला की डोलणं वाढतं, टायर वेडेवाकडे झिजतात आणि गाडी हलकेच एका बाजूला ओढायला लागते.

त्यात आपली मराठवाड्याची काळी माती. कापसाला, उसाला सोन्यासारखी, पण रस्त्याला वैरीण. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावरच्या रस्त्याला त्यामुळे खड्ड्यांच्या आधी लाटा येतात. वरून डांबर छान, पण गाडी झोपाळ्यावर. खड्डा तुम्ही चुकवाल, लाट कशी चुकवणार? अशा लाटांवर शॉकअपला एक क्षण विश्रांती नसते. ८० हजार किलोमीटर झाले की तपासा, असं सर्वसाधारणपणे सांगतात. शेताच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीनं त्या आकड्याची वाट बघू नये.

गंमत बघा. शेजारच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. तिथेच मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकी-तीनचाकींचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बनवते. तिकडे पुणे-नाशिक हायवेवरची गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून याच धंद्यात. म्हणजे हे तंत्र आपल्या अंगणातलं आहे. तरी घराघरात ‘शॉकअप बघितले का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. इंजिन ऑइलची तारीख सगळ्यांना पाठ.

असो. शनिवारी सकाळी अंगणातच तपासणी केली. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते. आमची तीनदा सलाम करून थांबली. ही टेस्ट ढोबळ आहे, तेवढ्यावर निकाल देऊ नका. पुढे खाली वाकून बघितलं: डाव्या स्ट्रटचं नळकांडं तेलकट, त्यावर धुळीचा जाड थर. टायरवरून हात फिरवला: एके जागी उंच, एके जागी खोल, बशा पाडल्यासारखा. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवलं तर वरच्या माउंटिंगमधून ‘टण्ण’. केस क्लोज्ड.

‘गॅरेजला टाक ना,’ बाबा म्हणाले. टाकता आली असती. चांगला मेकॅनिक हे काम अर्ध्या दिवसात करतो आणि त्याच्याकडून करून घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, आईच्या खाली असलेला प्रत्येक बुश, प्रत्येक रबर मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दोन, मी पुण्याला परत गेल्यावर काय बघायचं ते बाबांना कळायला हवं होतं. पैसे वाचतात ते मजुरीचे, पार्टचे नाही. पार्टमध्ये काटकसर करूच नका. शॉकअप, वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप आणि धुळीचा बूट, सगळं नवं आणि ओळखीच्या डीलरकडून पक्क्या बिलावर. आणि दोन्ही बाजूंचं एकदम. एक नवा, एक जुना म्हणजे एका पायात बूट, एका पायात चप्पल. ब्रेक मारला की गाडी तिरकी.

हत्यारं फार लागत नाहीत. जॅक, दोन जॅकस्टँड, सॉकेट सेट, रिंग पाने, गंज सोडवायचा स्प्रे, वायर ब्रश, थोडी सुतळी आणि पांढरा ऑइल पेंट. यातले जॅकस्टँड सगळ्यात महत्त्वाचे. गाडीबरोबर येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. आणि विटा तर नाहीच नाही. विटेवर उभं राहायचं ते फक्त विठोबानं, गाडीनं नाही. वीट कधी फुटेल सांगता येत नाही.

जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल केले, मग उचलून स्टँडवर घेतली आणि ढकलून बघितली. हलत नाही ना? पुढे चला. चाक काढलं. ब्रेकचा रबरी पाइप स्ट्रटच्या पट्टीला अडकवलेला असतो, तो आधी मोकळा केला. ज्या गाडीला एबीएस आहे तिची सेन्सरची वायरही अशीच सोडवायची. मग खालचे दोन जाड बोल्ट, जे स्ट्रटला चाकाच्या नकलशी जोडतात. सोडवण्याआधी त्यांच्या भोवती पेंटनं खुणा केल्या, म्हणजे बसवताना चाकाचा कल जवळपास पहिल्यासारखा येतो. आता खरी परीक्षा: १५-१६ वर्षांचा गंज. स्प्रे मारा, चहा प्या, परत स्प्रे मारा. पान्याला लांब पाइप लावून जोर दिला की बोल्ट कुरकुर करत सुटतो.

तेवढ्यात शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावले. ‘काय करायलीस गं पोरी? गॅरेजं बंद हायेत का आज?’ म्हटलं, ‘नाही काका, मीच उघडलंय.’ काका आत आले आणि दुपारपर्यंत गेले नाहीत. पाना देण्यापासून सल्ला देण्यापर्यंत सगळी कामं त्यांनी केली. सल्ला जास्त.

बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलंडू द्यायचा नाही. ब्रेकच्या पाइपला आणि ड्राइव्हशाफ्टला ताण बसतो. सुतळीनं तो बांधून ठेवला. मग बॉनेटखालचे माउंटिंगचे कडेचे नट. काकांनी खालून स्ट्रट धरला, मी वरून शेवटचा नट काढला आणि अख्खा खांब स्प्रिंगसकट बाहेर. डावी बाजू तीन तास. उजवी एका तासात. हात बसला की बसला.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. माउंटिंगच्या अगदी मधोमध एक मोठा नट असतो. त्याला हात लावायचा नाही. गाडीवर असताना नाही, खाली काढल्यावर नाही, ‘थोडासा सैल करून बघू’ म्हणूनही नाही. तो नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. स्प्रिंग प्रेसमध्ये न आवळता तो काढला तर ती जे काही समोर असेल त्यावर सुटते. हात, जबडा, डोळा. बाजारात दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात. एक हुक घसरला की तोच प्रकार. स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं नसतं. कुठे थांबायचं ते ठरवणं हाही कामाचाच भाग.

स्प्रिंग आवळायची पक्की प्रेस असलेलं सस्पेन्शनचं दुकान मला शहरात माहीत होतं. पण गाडी तर स्टँडवर! मग काय, दोन्ही स्ट्रट गोणीत बांधले, नवे पार्ट पिशवीत घेतले आणि सरळ पैठणच्या बसस्टँडवर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनी गोणी पायानं ढकलून बघितली. ‘काय हाय याच्यात?’ ‘गाडीचे शॉकअप.’ त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गोणीकडे. ‘तुमचं तिकीट अर्धं ताई, पण याचं वजन पूर्ण हाय!’ अख्खी बस हसली.

दुकानात प्रेस भिंतीला पक्की बसवलेली होती. कारागिरानं स्प्रिंग आवळली, मधला नट काढला आणि जुना शॉकअप माझ्या हातात दिला. दांडी दाबली तर ती खाली गेली आणि तिथेच राहिली. आत काही विरोधच नव्हता. नवा शॉकअप त्यानं उभा धरून तीन-चार वेळा सावकाश दाबला-ओढला, म्हणजे आतली हवा निघते. दांडी पकडीत धरू नका, हेही त्यानं दाखवलं. चकचकीत दांडीवर ओरखडा पडला की तोच ओरखडा सील फाडतो. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत बरोबर बसलंय ना, ते मी बघितलं. अर्ध्या तासात दोन्ही खांब तयार. संध्याकाळच्या बसनं परत.

रविवारी उलटी फिल्म. वरचे नट आधी हातानं, मग खालचे बोल्ट पेंटच्या खुणांवर, नवे लॉकनट लावून. ब्रेकचा पाइप परत जागेवर, पीळ न देता. चाक लावलं, गाडी जमिनीवर घेतली आणि वजन आल्यावर वरचे नट आणि चाकाचे नट टॉर्क पान्यानं आवळले. किती आवळायचं तो आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. अंदाजपंचे काम नको. ब्रेक पेडल दोन-चार वेळा दाबून बघितलं. मग सोमवारी सुट्टी टाकून शहरात व्हील अलाइनमेंट. स्ट्रट काढला की कोन थोडा तरी हलतोच, त्यामुळे ही पायरी गाळायची नाही. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे, ती जबाबदारी बाबांवर सोपवली. त्यांनी कॅलेंडरवर लिहूनही ठेवली.

त्याच सोमवारी आईची तपासणी होती, म्हणून तिला बरोबर घेतलं. गाडी मी चालवत होते. ढोरकीनचा स्पीडब्रेकर आला. चाकं चढली, उतरली, गाडीनं एकदा दम घेतला आणि सरळ. आईचा हात हँडलकडे गेला होता, पण अर्ध्यातूनच परत आला. बिडकीनपर्यंत तो मांडीवरच होता. चितेगावच्या पुढे ती म्हणाली, ‘आज रस्ता बरा वाटायलाय गं.’ मागच्या सीटवर बाबा खिडकीबाहेर बघत होते. रस्ता कालचाच होता, हे त्यांनाही माहीत होतं.

तर दोस्तांनो, सगळ्यांनी पाने घेऊन अंगणात उतरा असं मी म्हणणार नाही. सपाट जागा, स्टँड आणि धीर नसेल तर गाडी मेकॅनिककडे न्या. पण त्याच्या शेजारी उभे राहा आणि जुने पार्ट मागून बघा. एवढं मात्र नक्की करा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः मागे बसा. दहा किलोमीटर. गाडी किती वेळा सलाम करते ते मोजा, आणि पुढे बसलेल्या माणसाचा हात कुठे आहे तेही बघा.